तलावातला कळप

आमच्या गावचा तलाव म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. विट्याच्या पूर्वेला, ऊस संपून कुसळं सुरू होतात तिथं, दोन टेकड्यांच्या मधे बांध घालून केलेला तो पाझर तलाव आहे. काठोकाठ भरला तरी मधोमध उभं राहिल्यावर पाणी माझ्या गळ्याशी येतं, आणि मी काही उंच बाई नाही. माझ्या लहानपणी त्यात पाण्यापेक्षा भेगाच जास्त असायच्या. आम्ही पोरं त्या भेगांत चिंचोके टाकून ते किती खोल गेले यावर भांडायचो. आता उपसा योजनेचं पाणी येतं. पावसाळ्यात ओढ्यातून सोडलं की चार दिवसांत तलाव भरतो आणि उन्हाळा तोंडावर येईपर्यंत पाणी टिकतं. ते पाणी पहिल्यांदा आलं तेव्हा गावातली म्हातारी माणसं चपला काढून ओढ्यात उभी राहिली होती. आबा त्यात सगळ्यात पुढं होते.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी जन्मभर मेंढरं राखली. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाकडं उतरायचं, वळवाच्या आधी परत यायचं, आणि वाटेत ज्यांच्या रानात मेंढरं बसवायची त्यांच्याकडून धान्य घ्यायचं, हा त्यांचा वर्षाचा फेरा. रात्रभर मेंढरं बसली की लेंड्या-मुतानं रान पोसतं आणि पुढचं पीक तरारून येतं. मग गुडघ्यांनी दगा दिला. चालणं संपलं तसा कळपही विकावा लागला. त्यानंतर आबा मेंढरांच्या रिकाम्या वाड्यासमोर बसून राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला उगाच हटकायचे. आई म्हणायची, एक मेंढरू तरी ठेवायला हवं होतं, निदान माझ्या मागं लागले नसते.

अशात ग्रामपंचायतीनं विचारलं, तलावात मासे कोण सोडणार. कुणी पुढं येईना. आबांनी हात वर केला. मासा म्हणजे काय हे त्यांना बाजारातल्या टोपलीपलीकडं ठाऊक नव्हतं. पण राखायला काहीतरी मिळतंय एवढं त्यांना कळलं आणि ते त्यांना पुरेसं होतं.

माझा थोरला भाऊ, त्याला मी दादा म्हणते, दक्षिणेत लांबच्या एका शहरात गलाईचं दुकान चालवतो. जुनं सोनं भट्टीत वितळवून शुद्ध करून द्यायचं, हे काम आमच्याकडची कितीतरी माणसं देशभर करतात. गुडघ्यांचं कळल्यापासून तो आबा आणि आईला तिकडं न्यायच्या मागं लागला होता. दुसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट, शेजारी दवाखाना. त्याचं काही चुकत नव्हतं, म्हणून तर त्याच्याशी भांडताही येत नव्हतं. शेवटी आबांनी त्याला फोनवर शब्द दिला.

"दिवाळीपतूर मासं जगलं तर मी हितंच. मेलं, तर तू म्हनशील तिकडं येतो. मग एक शबुद बोलनार न्हाई."

आई म्हणाली, मला कुठंही चालेल, पण ह्यांना दुसऱ्या मजल्यावर ठेवून बघा, चार दिवसांत खालच्या गाड्यांना हाका मारायला लागतील. मला आबा जायला नको होते. मी विट्यात राहते, दर रविवारी एसटीनं गावी येते आणि आठवड्याचा सगळा राग आबांवर काढून सोमवारी ताजीतवानी होऊन कामावर जाते. ते गेले असते तर मी चिडले कुणावर असते?

माझ्या नाकावर राग असतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यात मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक. सकाळपासून बाटल्या, नळ्या आणि मुलांच्या चुका. त्यामुळं पाण्यातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. आबांनी मासे घेतले म्हटल्यावर मी जाहीर केलं की पाणी मी तपासणार.

पाण्यात हवा किती विरघळलेली आहे हे बघायची एक सोपी रीत आहे. छोटी काचेची बाटली पाण्याखालीच भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. त्यात एका औषधाचे थेंब, मग दुसऱ्याचे. बाटली हलवली की आत गाळ धरतो. गाळ तांबूस-तपकिरी आला तर हवा भरपूर. पांढरा आला तर हवा नाही. पुढं मोजमापही करता येतं, पण मासे जगतील की मरतील हे त्या रंगावरूनच समजतं.

जुलैत माशांची पिल्लं आली. त्यांना बोटुकली म्हणतात, कारण ती असतातही बोटाएवढीच. रोहू, कटला, मृगळ. प्लास्टिकच्या फुगलेल्या पिशव्यांतून आली. आबांनी एक पिशवी कानाला लावली, मग दाबून बघितली आणि आणणाऱ्या माणसाला विचारलं की पाणी एवढुसं आणि वारा एवढा का भरलाय. तो म्हणाला, वाटेत जीव धरायला लागतो. आबांनी मान डोलावली. पिशव्या तासभर तलावात तरंगत ठेवून मग पिल्लं सोडायची असतात, आबा तो तासभर पाण्यात उभे होते, गुडघे विसरून.

पुढचे दोन महिने म्हणजे आमच्या घरातला सणच होता. आबा फोनवर मेंढरांसारखे मासे सांगायचे. कुठला अंगानं भरला, कुठला भांडखोर, कुठला नेहमी मागं राहतो. मी विचारायची, ओळखता कसे. ते म्हणायचे, तू बाटल्या ओळखतीस तसं. कळपाला घालायचे तशीच जिभेनं टक् टक् करून ते हाक घालायचे आणि शेंगदाण्याची पेंड टाकायचे. मासे खरंच यायचे. पाणी हिरवंगार झालं होतं, आणि माशांची वाढ बघून लोक तोंडात बोटं घालत होते. शेजारच्या उसाचे मालक लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. ते रोज बांधावरून बघून जायचे आणि आबांना कडक सलाम ठोकायचे.

मी रविवारी यायची. नऊच्या एसटीनं उतरायचं, आईच्या हातचा चहा, मग भाकरी, मग गावातल्या चार जणी भेटणार. तलावावर पोचेपर्यंत बारा वाजलेले असायचे. डोक्यावर ऊन, हातात बाटली. गाळ दरवेळी गडद तांबूस यायचा, गुळाच्या काकवीसारखा. माझ्या वहीत सगळे निकाल उत्तम होते. एकदा आबा म्हणाले, अलीकडं पहाटे मासे काठाला येऊन तोंड वर करून माझी वाट बघतात, लय मायाळू जात आहे. मी हसले. म्हटलं, तुमची सवय झाली त्यांना.

हे मी हसून म्हटलं होतं, ते आज लिहितानाही माझे कान गरम होतात.

गणपतीला दादा आला. त्या वर्षी सलग पाच दिवस आभाळ भरून होतं. पाऊस नाही, ऊन नाही, वाराही नाही. मी पण सुट्टी काढून घरी मुक्कामाला राहिले. दुसऱ्या दिवशी फटफटायला आबांनी आम्हा दोघांना उठवलं. दादाला कळप दाखवायचा होता. कपाळाला टॉवेल गुंडाळून, पेंडीचा डबा काखेत मारून ते पुढं आणि आम्ही जांभया देत मागं.

तलावाचा काठ हलत होता. जवळ गेल्यावर दिसलं, वीतवीतभर मासे काठाला दाटले होते, शेकडो. सगळ्यांची तोंडं पाण्याबाहेर, उघडमीट करत. दादानं मोबाईल काढला आणि शूटिंग करायला लागला. आबा खुशीत होते.

"बघ लेका, हाकबी मारली न्हाई अजून. लय भुकंजल्यात." त्यांनी डब्यात हात घातला.

मी त्यांचं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा असं धरलं असेल.

"आबा, टाकू नगा. त्यास्नी भूक न्हाई लागली. दम लागलाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माशांकडं. मला वाटलं आता समजावून सांगावं लागेल. पण दाटीच्या वाड्यात, उन्हाळ्यात, माना वर करून धापा टाकणारी मेंढरं त्यांनी जन्मभर बघितली होती. डबा त्यांनी हळूच खाली ठेवला. चेहरा असा झाला की मला बघवेना.

मी पिशवीतून बाटली काढली, पाण्याखाली भरली, थेंब टाकले. गाळ दुधासारखा पांढरा आला.

सांगायची गोष्ट एवढीच आहे. पाणी हिरवं दिसतं ते बारीक शेवाळामुळं. ऊन असलं की ते शेवाळ हवा सोडतं, आणि अंधारात तेच शेवाळ माशांच्या बरोबरीनं हवा ओढून घेतं. भरदुपारी तलाव हवेनं भरलेला आणि पहाटे रिकामा. आभाळ आलं की दिवसाची भरतीही थांबते. मी दोन महिने दुपारी बारा वाजता येऊन पहाटेची खात्री देत होते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकात वाचलेलं होतं, पण एसटी नऊला येते त्याला पुस्तक काय करणार.

आबा पाण्यात उतरले होते. म्हणाले, सुभेदारांच्या वाड्यातली मेंढरं आणून तलावात घालू, पाणी घुसळून निघंल. मी ओरडले की आधीच पाण्यात नको तेवढं खत आहे, त्यात आणि मेंढरं? ते पाण्याकडं बघायला लागले. दादानं मोबाईल खिशात टाकला आणि पँट दुमडली.

"हवाच घालायची हाय न्हवं? मी दिवसभर दुसरं काय करतो?"

भट्टीला हवा कमी पडली की सोनं वितळत नाही, हे त्याला झोपेतही कळतं. तो धावत सुभेदारांकडं गेला. वीज नव्हती, पण त्यांच्याकडं जुनं डिझेल इंजिन होतं. सुभेदारांनी कारण विचारलं नाही, बनियनवरच ट्रॅक्टर काढला. इंजिन काठावर आणलं, एक पाईप तलावात, दुसरा वर बाभळीच्या फांदीला बांधला. नुसती धार पडून भागणार नाही म्हणून दादानं सुभेदारांच्या गोठ्याचा एक पत्रा उचकटला, खिळ्यानं त्याला भोकं पाडली आणि धारेखाली आडवा टांगला. तलावाचं पाणी वर जाऊन त्या पत्र्यातून पावसासारखं परत तलावात पडायला लागलं. आई आली, पाठोपाठ आळीतल्या बायका आल्या. कुणी सुपानं, कुणी पाटीनं काठाचं पाणी उडवायला लागलं. सुभेदार सगळ्यांना हुकूम देत होते, एक दो एक दो, आणि बायका हसून हसून बेजार. मी पण हसत होते, आणि रडतही होते. तोंडावर पाणी असल्यामुळं कुणाला कळलं नाही.

आबा कंबरभर पाण्यात त्या खोट्या पावसाखाली उभे होते. पहिल्यांदा मासे तिथं जमले. मग एकेक तोंड पाण्याखाली गेलं. दहाच्या सुमाराला आभाळ जरा फाटलं, ऊन पडलं, आणि काठ मोकळा झाला. मी परत बाटली भरली. गाळ फिक्का होता, पण तांबूस होता. आबांनी ती बाटली माझ्या हातातून घेतली आणि उजेडाला धरून बराच वेळ बघितली.

काही मासे गेले. आबांनी ते बांधाखाली लिंबाच्या बुडाशी पुरले. आई म्हणाली, चांगली आमटी झाली असती. आबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. स्वतःच्या कळपातलं त्यांनी कधीच खाल्लं नव्हतं.

दुपारी जेवताना मी विचारलं की पाणी एवढं हिरवं झालंच कसं. पेंड थोडी जास्त पडत होती, मान्य. पण तेवढ्यानं एवढं होत नाही. आबा भाकरी मोडत राहिले. आईनं तोंड उघडलं. मे महिन्यात तलाव कोरडा होता, तेव्हा कोकणातून परतणाऱ्या भावकीतल्या प्रत्येक कळपाला आबांनी गळ घालून तलावाच्या तळात बसवून घेतलं होतं. एक रात्र नाही, महिनाभर; रविवारी मी यायची तेव्हा मेंढरं चरायला गेलेली असायची. वर सगळ्या राखणाऱ्यांना आईच्या हातच्या भाकऱ्या. रान पोसतं तसं तळंही पोसावं, पिल्लं येतील तेव्हा त्यांना खायला असावं, असा त्यांचा हिशेब.

"कमी पडाय नगं म्हनून," आबा म्हणाले.

मला वाटलं मी चिडेन. पण मला आठवत होती माझी वही, बारा वाजताच्या उत्तम निकालांची. दादानं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाला की एकानं मायेनं जास्त घातलं आणि दुसरीनं शहाणपणानं चुकीच्या वेळी बघितलं, मासे बिचारे मधल्या मधे. आईला इतकं हसू आलं की तिला ठसका लागला. आबाही हसले, उशिरा, पण हसले.

दादा दोन दिवसांनी जाणार होता, तो नऊ दिवस राहिला. तेवढ्यात त्यानं पत्र्याची चांगली चाळण केली, सुभेदारांचा गोठा नव्या पत्र्यानं झाकून दिला. पेंड निम्म्यावर आली. योजनेचं थोडं ताजं पाणी मागून घेतलं. कोपरापर्यंत हात बुडवल्यावर तळवा दिसला पाहिजे, नाही दिसला तर पेंड बंद, हा नियम मी बांधावरच्या दगडावर खडूनं लिहिला. आणि आबांना मी बाटलीची परीक्षा शिकवली. दुसरं औषध कातडीला लागू द्यायचं नाही म्हणून रबरी हातमोजे दिले. ते एकच हातमोजा घालायचे, दुसरा म्हणे जपून ठेवलाय. गाळाचं पाणी तलावात ओतायचं नाही म्हणून वेगळा डबा दिला, तो मात्र त्यांनी इमानानं वापरला. बुडबुडा न येऊ देता बाटली भरायची त्यांची सफाई माझ्या बारावीच्या पोरांना जमत नाही.

जाताना दादानं एकच सांगितलं. रोज पहाटे, दुकान उघडायच्या आधी, तो व्हिडिओ कॉल करणार आणि आबांनी बाटली दाखवायची. मी मनात म्हटलं, आठवडाभर करेल.

दिवाळीला तो परत आला तेव्हा मासे अर्ध्या किलोचे झाले होते. शब्दाची आठवण कुणीच काढली नाही. भाऊबीजेच्या सकाळी दादानं स्वतःच तलावावरून येऊन चपला काढता काढता आईला सांगितलं की तिकडच्या घरातली रिकामी ठेवलेली खोली आता भाड्यानं देतो. आई म्हणाली, दे की. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच डबे पुसले. मला इतका आनंद झाला होता की कुणाशी तरी भांडावंसं वाटत होतं.

ती संधी मला जानेवारीत मिळाली. आबांनी औषधं संपल्याचा निरोप पाठवला. मी दिलेली औषधं उन्हाळ्यापर्यंत पुरायला हवी होती. थंडीत पाण्यात हवा चांगली मुरते, तळवा स्पष्ट दिसत होता, आभाळ निरभ्र. बाटलीची परीक्षा आठवड्यातून एकदा केली तरी चालेल, हे मी त्यांना स्वच्छ सांगितलं होतं. रविवारी एसटीतून उतरले तीच तणतणत. बांधावर जाऊन विचारलं की गरज नसताना रोज कशाला करता, आणि संपलेल्या औषधाचा हिशेब धरला तर काही दिवस दोन-दोनदा केलेली दिसतेय.

आबांनी हातमोजा काढला, झटकला.

"पैल्यांदा दावताना कवा कवा फोन तुटतो. परत लागला, का परत करून दावायला लागती." मग म्हणाले, "बाय, त्यो रोज इचारतो. रंग काय आला, आबा. आधी सनासुदीला फोन असायचा. आता मी बाटली न्हाई दावली, तर त्यो काय इचारंल?"

त्या दिवशी दादाला फोन केला आणि सहज म्हणून विचारलं, माशांची एवढी कसली काळजी. तो म्हणाला, माशांची कुठं, बाटली दिसली की आबा उठून तलावापर्यंत चालत गेले एवढं कळतं. आईला सांगू नको म्हणाला.

पुढच्या रविवारी मी दोन्ही औषधांच्या मोठ्या बाटल्या भरून नेल्या.